माळ्यावरचे टपाल

नाशिक
३ मार्च २०२४

देवजीमामा,

इंटरनेटच्या टपालाचे यंत्र चालू आहे, एवढे मला इथे बसून दिसते. महिना झाला, तुम्ही ते सांभाळताय. घरातल्या सगळ्यात चांगल्या जागी ठेवले आहे असे तुम्ही कळवले होते, म्हणून मी निर्धास्त होते. आता एक अडचण दिसते आहे.

यंत्र पत्त्यांच्या कॅटाएवढे असले तरी तापते फार. त्याच्या आत तापमान मोजायची सोय आहे. दर पाच मिनिटांनी आकडा माझ्याकडे येतो. भर दुपारी सत्तर अंश. तेवढे चालते. पण रोज सकाळी सहाच्या पुढे आणि संध्याकाळी सातच्या पुढे आकडा ऐंशी ओलांडतो. ऐंशीला ते आपणहून हळू चालायला लागते. पंच्याऐंशीला जवळजवळ बसतेच. मला वाटते, त्या वेळी लांबच्या देशांतले लोक कामाला बसत असतील आणि वर्दळ वाढत असेल.

सोबत ॲल्युमिनियमचा दातेरी तुकडा आणि बिस्किटाएवढा पंखा पाठवते. तुकडा काळ्या चौकोनावर चिकटवायचा, पंखा त्याच्यावर. प्लास्टिकचे झाकण काढूनच ठेवा.

एक सांगायचे राहिले. ही यंत्रे चालवणाऱ्या आमच्या गटात अकरा जण आहेत. बाकीचे म्हणतात, अशी यंत्रे मोठ्या शहरातल्या गार खोल्यांत ठेवावीत. मी म्हणाले, सगळी एकाच इमारतीत ठेवली तर त्या इमारतीवर नजर ठेवणाऱ्याला सगळ्यांचेच कळेल. ती घराघरांत हवीत, आणि साध्या घरात, एसीशिवाय चालतात. त्यांनी अट घातली. एक एप्रिल ते एकतीस मे, ऐन उन्हाळ्यात, पोशेऱ्याचे यंत्र चालू राहिले पाहिजे. सगळे मिळून चोवीस तासांपेक्षा जास्त बंद पडता कामा नये. टिकले तर आणखी चाळीस घरांत द्यायची. नाही टिकले तर पोशेऱ्याचेही काढून आणायचे.

मी शब्द दिला आहे. तुमच्या भरवशावर दिला, आणि तुम्हाला न विचारता.

योगिता


पोशेरा
१३ मार्च

योगिता,

पाकीट पोचले. नऊ दिवस लागले. मी टपाल वाहायचो तेव्हा नाशिकचे पत्र पाच दिवसांत दारात असे, आणि मी पायी. आता कान्हा मोटारसायकलवरून आणतो. त्याला हे बोललो की हसतो.

पंखा बसवला. तुझी मामी गोदा बघत उभी होती. म्हणाली, "चाळीस वर्सं चुलीपुढं बसले, मला कुणी वारा घातला नाय. आन त्या डबीला पंखा!"

यंत्रातून काय जाते, असे पाड्यावर विचारतात. मी सांगतो: पाकिटात पाकीट, त्यात आणखी पाकीट. आपण वरचे तेवढे फोडायचे आणि आतले पुढच्याच्या हातात द्यायचे. कुणी लिहिले, कुणाला लिहिले, ते आपल्याला कळत नाही. आपल्या हातात कुणी दिले आणि आपण कुणाच्या हातात द्यायचे, एवढेच कळते. चुकत असलो तर कळव.

मला ते समजते. चौतीस वर्षे तेच केले. फरक एवढाच की मला कधी कधी आतलेही माहीत असे, कारण ज्यांना वाचता येत नसे त्यांना मीच वाचून दाखवायचो. पाड्यावरच्या सुकरीला अधूनमधून एक पत्र येई. तिचा नवरा लहान्या मला उतारावर आडवा आला. "कुणाचं पत्र येतं माझ्या बायकोला?" मी म्हणालो, "तिला विचार." त्याने माझी पिशवी ओढली. पट्टा तुटला. पत्र दिले नाही. त्यात काय होते ते गोदा मला तीस वर्षे विचारते आहे.

तू दिलेला शब्द मोडणार नाही. माझ्या हातून आजवर एक टपाल हरवलेले नाही.

देवजीमामा


नाशिक
२५ मार्च

देवजीमामा,

पाकिटाचे बरोबर आहे. मला तेच समजावायला तीन पाने लागली असती.

पंख्याने चार अंश उतरले. सकाळ-संध्याकाळचा चढ मात्र तसाच आहे. म्हणून मी इथून दोन गोष्टी केल्या. यंत्राचा वेग पाचव्या हिश्श्याने उतरवला, आणि एका वेळी किती टपाल घ्यायचे याला मर्यादा घातली. हळू चालले तरी चालेल, थांबायला नको. जे यंत्र सारखे बंद-चालू होते त्याच्यावर बाकीची यंत्रे भरवसा ठेवत नाहीत. टपाल दुसरीकडून पाठवतात.

हे कुणासाठी, असे पाड्यावर विचारले तर सांगा. एखादा कारकून असतो. आपल्या खात्यातला घोळ त्याला वर्तमानपत्राला कळवायचा असतो, आणि त्याने कळवला हे साहेबाला कळले तर त्याची नोकरी जाते. अशा कुणाचे टपाल आपल्याकडून जात असेल. जात नसेलही. आपल्याला कळणार नाही.

पंचायतीपासून दोन खांब पुढे ओढून इंटरनेटची तार तुमच्या घरात आणली आहे. एक बरा मोबाइल घेतलात तर आपल्याला समोरासमोर बोलता येईल. तुम्ही टेकाडावर चढून त्या जुन्या फोनवरून "बरे आहे" म्हणता आणि ठेवून देता.

योगिता


पोशेरा
६ एप्रिल

योगिता,

पंखा बंद पडला. परवा घरघरला, मग थांबला. काल सकाळी सहाला यंत्राचा दिवाच विझला. मी मोखाड्याला गेलो होतो. तीनला येऊन पाहिले आणि पुन्हा लावले. नऊ तास गेले. तुझ्या चोवीसातले पंधरा उरले.

मला काल जेवण गेले नाही. गोदा म्हणाली, "त्याचा दिवा इझला, तुमचा कशापायी?" तिला काय सांगणार. इतकी वर्षे पिशवी वाहिली, वाटेत अशी कधी टाकली नव्हती.

पंखा रजिस्टरने पाठवतो. पुसलेला नाही. काढला तसाच आहे, उघडून बघ.

जागा बदला असे तू लिहिशील, म्हणून आधीच सांगतो. जागा चांगली आहे. उंदीर पोचत नाही, वाळवी लागत नाही, पाणी गळत नाही. या घरात मोलाचे जे काही असते ते तिथेच असते.

मोबाइल नको. पत्रात शेवटची ओळ आधी ठरवता येते.

देवजीमामा


नाशिक
१६ एप्रिल

देवजीमामा,

पाकीट फोडले आणि खोलीत धूर आल्यासारखे वाटले. आधी धुराचा वास, मग भाजलेल्या नागलीचा. पंख्याच्या पात्यांवर काजळीचा थर, बोट लावले तर तेलकट.

मी सहा वर्षांची असल्यापासून दहावीपर्यंत तुमच्या घरात वाढले आणि हे मला दीड महिना सुचले नाही. मामा, तुम्ही यंत्र चुलीवरच्या माळ्यावर ठेवले आहे. बियाण्याशेजारी. सकाळी सहाला मामीच्या भाकरी, संध्याकाळी सातला मामीच्या भाकरी. आणि मी लांबच्या देशांतल्या लोकांना बोल लावत बसले. ऑफिसात एकटीच हसत होते.

हलवा असे लिहायला बसले होते, पण आता गरज दिसत नाही. नऊ तारखेच्या संध्याकाळपासून दोन्ही चढ गेले आहेत. दिवसभर पासष्टच्या आत. तुम्हीच हलवलेत ना? गटाला आलेख दाखवला. सगळ्यात जास्त शंका काढणारे हेमंत नावाचे गृहस्थ आहेत, त्यांनीही मान डोलावली.

मामीला सांगा, तिच्या चुलीची मी माफी मागते.

योगिता


पोशेरा
२४ एप्रिल

योगिता,

यंत्र चालू आहे. हलवलेले नाही. चूल सध्या कमी पेटते. ऊन फार आहे. विहीर तळाला गेली, टँकर एक दिवसाआड येतो.

माझे बरे चालले आहे.

देवजीमामा


नाशिक
१ मे

देवजीमामा,

तुम्ही मला इतके आखूड पत्र कधी लिहिले नव्हते. मामीचे त्यात एक वाक्य नाही. तिने तुम्हाला टोमणा मारला नाही असे एकही पत्र मला आजवर आलेले नाही.

मी मागचे सगळे आकडे काढून बसले. नऊ एप्रिलला सकाळी सहाला चूल पेटली. त्यानंतर नाही. एकदाच, वीस तारखेला संध्याकाळी, पंधरा मिनिटे. चहापुरती. म्हणजे बावीस दिवस त्या घरात स्वयंपाक झालेला नाही. मामी घरात असती तर असे झाले नसते.

तुमचा फोन बंद लागतो. शेवटी कान्हाला केला. तो म्हणाला, "मामी जव्हारला हायेत, जिवाला काय नाय. बाकी बाबांना विचारा." पुढे एक अक्षर बोलेना. तुम्ही टपालवाले सगळे एका साच्यातले.

काय झाले आहे? पत्र लिहा, नाहीतर मी निघते.

योगिता


पोशेरा
९ मे

योगिता,

खरे ते लिहितो.

नऊ एप्रिलला सकाळच्या भाकरी करून गोदा विहिरीवर गेली. उतारावर हंड्यासकट घसरली. घोटा दोन जागी मोडला. जव्हारच्या दवाखान्यात ऑपरेशन झाले. मग तिथेच बहिणीकडे, पोशीकडे राहिली. तुला कळवायचे नाही असे तिनेच बजावले. "ती नोकरी सोडून येल, नायतर आपल्याला उचलून नाशिकला नेल." फोनवर मला खोटे बोलता येत नाही, म्हणून तो बंद ठेवला.

मी अंगणात तीन दगड मांडून भात शिजवत होतो. वीस तारखेला आत चहा केला, तो तू मोजलास. त्यानंतर तुझे पत्र आले आणि मला कळले की चूल नसली की यंत्र गार राहते. मग मुद्दामच पेटवली नाही.

पाच मेला गोदा घरी आली, पाय प्लास्टरमध्ये. बसायच्या आधी म्हणाली, "चूल पेटवा." मी म्हणालो, एकतीस तारखेपर्यंत नको, यंत्र तापते. तिने माळ्याकडे बोट दाखवले.

"मंग काढा की खाली."

"बियाण्याशेजारी ठेवले आहे. त्याहून चांगली जागा कुठली?"

"बी निजलेलं असतं म्हणून त्याला धूर चालतो. ही डबी काम करते. काम करणाऱ्याला वारा लागतो. एवढी वर्सं पिशवी घेऊन चाललात, तुमाला कळू नये?"

मला खरेच कळले नव्हते. चांगली जागा म्हणजे माळा, एवढेच डोक्यात होते.

दुसऱ्या दिवशी कोंबड्या झाकायचे जुने डालगे घेतले आणि ओटीवर टांगले. मी टपालाची पिशवी टांगायचो तीच खुंटी. त्यात सपाट दगड, दगडावर यंत्र. बांबूच्या विणीतून चारी बाजूंनी वारा जातो, आणि उंदीर टांगलेल्या वस्तूपर्यंत पोचत नाही. ही सगळी युक्ती गोदाची. मी हमाल. तार लांबवायला बारा मिनिटे बंद ठेवावे लागले. ती मोजली आहेत. संध्याकाळी चूल पेटवली. ती सांगत होती, मी शिजवत होतो.

तुझे एक तारखेचे पत्र काल आले. राग आला. तो लपवत नाही.

मी दारोदार जात असे. कुणाच्या घरातून धूर निघत नाही ते मलाही दिसे. त्यावरून मी कुणाला कधी काही विचारले नाही. तू जगाचे टपाल झाकायला यंत्र दिलेस आणि त्याच यंत्रातून आमची चूल वाचलीस. आधी तुला ठाऊक नव्हते, ते मान्य. पण कळल्यावर तू थांबली नाहीस. बसून दिवस मोजलेस.

यंत्र बंद करायला उठलो होतो. बटणावर बोट होते. मग वाटले, भांडण तुझे आणि माझे. आत ज्यांचे टपाल आहे त्यांनी काय केले? नाही बंद केले.

देवजीमामा


नाशिक
१४ मे

मामा,

तुमचे पत्र तीनदा वाचले. तुम्ही लिहिले ते खरे आहे. मला काळजी होती, पण काळजी म्हणून मी जे केले ते दुसऱ्या कुणी माझ्या घरावर केले असते तर मी त्याच्याशी भांडले असते. चुकले.

आकडा माझ्याकडे येणे आजपासून बंद केले आहे. आधीचे सगळे पुसले, आलेखासकट. यंत्राला स्वतःचे तापमान कळत राहील, कारण त्याला स्वतःला सांभाळायचे आहे. फार तापले तर हळू होईल. पण बाहेर कुणाला सांगणार नाही.

त्याऐवजी एक बारकासा दिवा आणीन. हिरवा असेल तर ठीक. ऐंशीला लाल होईल. तो फक्त ओटीवर असलेल्या माणसाला दिसेल, आणि लाल झाल्यावर काय करायचे ते त्या माणसाने ठरवायचे. मुदतीचे अजून सतरा दिवस आहेत. माझा शब्द आता पूर्ण तुमच्या हातात आहे. मला इथून यंत्र चालू आहे की बंद, एवढेच दिसेल.

मामीला भेटायचे आहे. विचारून येते. टेकाडावर चढून मिस्ड कॉल द्या. एक म्हणजे रविवारी ये. दोन म्हणजे इतक्यात नको.

योगिता


नाशिक
१ जून

देवजीमामा,

तेव्हा सांगायचे राहून गेले. तुमचा एक मिस्ड कॉल आला आणि मी कपडे भरायला घेतले. मग दुसरा आला. मी खाली बसले. मग तिसरा आला. तिन्ही मामीच्या सांगण्यावरून, "एकानं तिला ऐकू नाय गेलं तर?" म्हणून, हे मला दारात उतरल्यावर कळले.

काल मुदत संपली. साठ दिवसांच्या वर यंत्र चालले, बंद होते ते एकूण नऊ तास बारा मिनिटे. तुमची बारा आणि इथली बारा जुळली. आता बाकीची यंत्रे आपल्या यंत्राला बिनदिक्कत टपाल देतात. चाळीस घरांचे ठरले. पोशेऱ्याचे तिथेच राहणार.

जागा कशी निवडावी याच्या सूचना मला लिहायला सांगितल्या. पहिली ओळ लिहिली: चुलीच्या वर नको. दुसरी: डालग्यात टांगावे. सात जणांनी डालगे म्हणजे काय ते विचारले. मी चित्र काढून दिले.

आणखी एक अट मी घातली. कुठल्याच घरातून तापमान बाहेर जाणार नाही. दिवा घरातल्यांसाठी, बस. त्यावर वाद झाला. हेमंतरावांनी कारण विचारले. मी म्हणाले, एका घरातली गोष्ट आहे, आणि पुढे बोलले नाही.

मामीचा पाय कसा आहे? प्लास्टर निघाले का? चुलीपाशी बसता येते का? हे सगळे विचारते आहे, कारण मला आता दुसरीकडून कळायची सोय नाही.

योगिता


पोशेरा
१० जून

योगिता,

पत्र पोचले. पाच दिवसांत. कान्हाला तसे सांगितले, तो म्हणाला, "बाबा, आता तरी हसा."

दिवा दोनदा लाल झाला. सत्तावीस मेला आणि तीसला, दोन्ही वेळा दुपारी. पहिल्या वेळी डालग्याला ऊन लागत होते. ते हातभर आत सरकवले. दुसऱ्या वेळी वाराच पडला होता. ओटीच्या कडेला, यंत्रापासून लांब, ओले गोणपाट टांगले आणि सुपाने वारा घालत बसलो. गोदा बघत होती. मी म्हणालो, बोल. ती म्हणाली, "नाय बोलत. पण माझ्याकडंबी जरा वळवा सूप." वळवले. थोड्या वेळाने दिवा हिरवा झाला. पुढच्या चाळीस घरांना हेही कळव. सुपाचे कळव, बाकीचे नको.

नागलीचे बी रोपांसाठी भाजलेल्या राबात पेरले. माळा रिकामा आहे. यंत्र ठेवायला आता कितीही जागा आहे, असे मी थट्टेने म्हणालो. गोदाने बघितले, तेवढे पुरले.

प्लास्टर चार तारखेला निघाले. काठी घेऊन अंगणापर्यंत जाते. उतारावर जात नाही. पाणी मी आणतो. बाकीचे तिलाच सांगायचे आहे. ती सांगते तसे लिहितो.

"लिवा. आज सकाळी चूल मी पेटवली. पाय लांब करून बसले. भाकरी केल्या, सात. पयली करपली. ती यांना दिली. हे तुला त्या डबीनं नाय सांगितलं. मी सांगितलं."

मी विचारले, भाकरीबरोबर काय केले होतेस तेही लिहू का?

"ते नका लिवू. सुकरीच्या पत्रात काय होतं ते तुमी सांगितलंत का कुणाला?"

म्हणून ते लिहीत नाही.

देवजीमामा